सिस्टरांचं बोट

“बाळ बाहेर आलं म्हणून साखरही बाहेर गेली, असं समजू नकोस हं. ती उंबऱ्यावर बसून असते. वर्षातून एकदा तपासून घ्यायचं, आणि जेवल्याबरोबर अंग टाकायचं नाही. ऐकतेयस ना?”

प्रसूतीच्या वॉर्डात, खाटेच्या कठड्यावर हात ठेवून सिस्टरांनी हे सांगितलं तेव्हा तिने मान हलवली होती. आता मान हलवणं आणि ऐकणं या दोन संपूर्ण वेगळ्या क्रिया आहेत. शिवाय त्याच क्षणी तिच्या कुशीतल्या तीन किलोच्या मुलीला आयुष्यातली पहिली शिंक आली होती. जिच्या मुलीला नुकतीच पहिली शिंक आली आहे, तिला साखर, उंबरा, वर्ष असलं काही सांगणं म्हणजे भिंतीला गोष्ट सांगणं. गरोदरपणात चढलेली साखर बाळंतपणानंतर गुमान खाली आली. तिने तो कागद फाईलमध्ये घातला, फाईल पिशवीत घातली आणि पिशवी कपाटाच्या माथ्यावर टाकली. कपाटाच्या माथ्यावर गेलेली वस्तू पुन्हा खाली आल्याची त्या घरात नोंद नाही.

नोंदीवरून आठवलं. ती बेफिकीर बाई होती असा कुणाचा समज व्हायला नको. ती कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची आणि घरीही तिचा कारभार ग्रंथालयासारखाच चाले. मुलगी जन्मल्यापासून तिने एक निळी वही सुरू केली होती. दूध किती, झोप किती, शी कोणत्या रंगाची, ताप कितीने चढला आणि किती वाजता उतरला, सगळं त्या वहीत. गोड पदार्थ घरात कुठेही लपवला तरी मुलगी तिथे हजर व्हायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. मुंगीने वर्षभरात किती वेळा नाकात काय घातलं, याचा तक्तासुद्धा वहीत होता. (मटार दोनदा, खडू एकदा, बटण एकदा, बटण समोरच्या शिंपीकाकांचं होतं, त्यांनी ते परत घेतलं नाही.) एवढ्या जागरूक वहीत एका माणसाचं पानच नव्हतं. ते पान तिचं स्वतःचं.

मुंगी तीन वर्षांची झाली आणि कॉलेजात रक्त तपासणाऱ्यांनी नेमकं ग्रंथालयाच्या दारात टेबल मांडलं. दंड पुढे केल्याशिवाय आत जाता येईना, म्हणून तिने दंड पुढे केला. तिसऱ्या दिवशी कागद आला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी: सहा पूर्णांक दोन.

“याला अजून मधुमेह म्हणत नाहीत,” डॉक्टर म्हणाले, “पण तुम्ही त्या रस्त्याला लागला आहात. तीन महिने देतो. जेवण सुधारा, जेवणानंतर चाला, झोप पुरी करा, चार-पाच किलो उतरवा. मग परत तपासू. पुष्कळ जण या रस्त्यावरून मागे फिरतात.”

“मागे फिरता येतं?”

“पायीच फिरायचं असतं,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

बसस्टॉपवर उभं राहून तिने हिशेब केला. मुंगी दहावीला जाईल तेव्हा आपण किती वर्षांच्या असू, तेव्हा आपले डोळे कसे असतील, मूत्रपिंडं काय म्हणत असतील, शाळेच्या जिन्यावर आपल्याला चढता येईल का. तीन बस निघून गेल्या. चौथी आली तेव्हा ती मुंगीच्या लग्नापर्यंत पोहोचली होती आणि तिथे तिची खुर्ची रिकामी होती. डोळे पुसून ती बसमध्ये चढली आणि उभी राहिली. बसायला जागा होती. पण सुधारणा आजपासूनच.

घरी बातमी फुटायला चहा उकळण्याइतका वेळ लागला.

“आमच्या घराण्यात कुणाला नाही हो हे,” सासूबाईंनी आधी हात झटकून घेतले. मग त्या हळव्या झाल्या आणि त्यांनी तिच्या ताटात भात दुप्पट वाढला. अशक्त माणसाला त्या असंच वागवत.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. बायकोच्या आजाराकडे तो पर्जन्यमानाकडे पाहावं तसा पाहू लागला. “आपण आलेख काढू,” तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने जगातलं अर्धं दुःख आलेख न काढल्यामुळे होतं.

समोरच्या दारातले शिंपीकाका टेप गळ्यात घालूनच आले. “मला कागद दाखवू नका, वहिनी. या इमारतीची कंबर माझ्या डोक्यात आहे. पाच वर्षांत सगळ्यांच्या कमरेला मी शिवण सोडत आलोय. तुमची पावणेदोन इंच, साहेबांची सव्वादोन. आजींचं मी बोलत नाही.”

“बोलूच नका,” सासूबाई म्हणाल्या.

बाकी सल्लागारांची रांग जिन्यापर्यंत गेली. कुणी कडू पाल्याचा रस सांगितला, कुणी तो रस उभ्याने प्यायला सांगितला, कुणी बसून. गच्चीखालच्या मजल्यावरच्या काकूंनी साखर पूर्ण सोडून फक्त मध खायला सांगितला आणि बाटलीही आणून दिली. ती बाटली मुंगीने दोन दिवसांत संपवली, हा त्या सल्ल्याचा एकमेव परिणाम. तिने दोन दिवस पाल्याचा रस प्यायला. तिसऱ्या दिवशी चव गेली, चौथ्या दिवशी पोट बिघडलं, आणि पाचव्या दिवशी, जिला टाळण्यासाठी ती दोन वर्षं पाठीमागच्या जिन्याने ये-जा करत होती, तिच्याच दारात जाऊन उभी राहिली.

कारण सिस्टर आता तळमजल्यावर राहत होत्या. वॉर्डात खाटेच्या कठड्यावर हात ठेवून बोललेल्या त्याच सिस्टर. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन त्या या इमारतीत राहायला आल्या होत्या. त्यांचं खरं नाव दारावर होतं, पण ते वाचायची हिंमत कुणाला झाली नव्हती. सगळे सिस्टरच म्हणत.

“किती?”

“सहा पूर्णांक दोन.”

“मी काय सांगितलं होतं?”

“उंबऱ्यावर…”

“मग ती उंबऱ्यावर बसलेली असताना तू तीन वर्षं दार लोटून आत काय करत होतीस?”

यावर मुंगीच्या नाकातल्या मटारांचा तक्ता सांगण्यात अर्थ नव्हता.

सिस्टर म्हणजे साऱ्या इमारतीचा आदर्श. साठी ओलांडलेली बाई, पण अंगावर तोळाभर चरबी नाही. उलट दिवसेंदिवस सडसडीतच होत चाललेल्या. पाठ ताठ. हातात कायम पाण्याची मोठी बाटली, आणि ती दिवसातून पाच वेळा भरलेली. “असं राहावं माणसाने!” असं म्हणून शेजारपाजारचे हात जोडत. सासूबाईंनीसुद्धा त्यांचं बघून एक बाटली घेतली होती, ती त्या नुसती धरून बसत. आणि तिने, म्हणजे आपल्या वहीवालीने, रस्त्याला लागल्यावर एक नवं पान काढलं होतं. मथळा: ‘घेण्यासारखं’. त्याखाली पहिलीच ओळ होती: ‘सिस्टर. दिवसाला पाच बाटल्या पाणी. वजन सतत उतरतं. कसं जमतं, विचारावं.’

सिस्टरांनी सांगितलेला उपचार इतका साधा होता की त्याचा तिला अपमानच वाटला. ताटात आधी भाज्या, मग अंडं किंवा कडधान्य, भात शेवटी आणि मूठभर. गोड पेयं बंद. झोप सात तास. आणि प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालायचं.

“बस?”

“आधी करून दाखव, मग ‘बस’ म्हण. आणि एक यंत्र आण. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुम्ही शिकलेल्या बायका विश्वास ठेवत नाही.”

यंत्र आलं. तळहातावर मावेल एवढं, एका बाजूला पट्टी खोचायची, पट्टीच्या टोकाला रक्ताचा थेंब लावायचा. पहिल्या दिवशी तिने बोट टोचलं तेव्हा घर श्वास धरून उभं होतं. सासूबाईंनी डोळे मिटले, मुंगीने उघडे ठेवले. मोहरीएवढा थेंब. पाच सेकंद. आणि पडद्यावर आकडा: एकशे एकाहत्तर. जेवून तास झाला होता.

मग ती दाराबाहेर पडली आणि व्हरांड्यात चालायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चोवीस पावलं. दहा मिनिटांची तिने भीतीपोटी वीस केली. परत येऊन हात धुतले, बोट टोचलं.

एकशे अठ्ठावीस.

तिने यंत्र हलवून पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच आपल्या पायांकडे पाहिलं. हेच ते पाय. वीस वर्षं यांना तिने मोजे घातले, चपला घातल्या, बसमध्ये कुणी तुडवले तेव्हा “अहो, पाय!” म्हणून ओरडली, यापलीकडे त्यांच्याशी तिचं काही बोलणं नव्हतं. आणि आज हे निमूटपणे रक्तातली साखर उचलून घेऊन गेले.

“मांडीचे स्नायू मोठे असतात,” सिस्टरांनी सांगितलं. “ते हलायला लागले की साखर ओढून घेतात. त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.”

त्या रात्री जेवताना तिने मुंगीच्या गुबगुबीत मांडीला असा हात लावला, जसा देवळाच्या पायरीला लावावा. नवऱ्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवला आणि एकशे एकाहत्तरचा डोंगर आणि एकशे अठ्ठावीसचं पठार रंगवलं. आठवड्याभरात तिथे अख्खी पर्वतरांग उभी राहिली. पावाचा सुळका होता, बटाट्याची खिंड होती, आणि ‘आधी भाज्या, शेवटी भात’ असं लिहिलेली एक लांबलचक, शांत टेकडी होती, जिच्याकडे ती येता-जाता टक लावून बघत राहायची. एकच भात, तेवढाच भात. फक्त मागून खाल्ला तर डोंगराची टेकडी होते! हे आपल्या आत रोज चाललं होतं आणि आपण बाहेर बसून पुस्तकांवर शिक्के मारत होतो, या विचाराने तिला गरगरायला झालं. (तेही मोजलं. साखर ठीक होती.)

पायांना परवानगी लागत नसली तरी इमारतीत लागते. आठव्या दिवशी व्हरांड्यात सूचना लागली: ‘सामायिक जागेत विनाकारण फिरू नये. हुकमावरून.’ खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी डोक्यावर घोडदौड चालते म्हणून तक्रार केली होती. पंचावन्न किलोची, अनवाणी चालणारी बाई म्हणजे घोडदौड! हा घाव तिला साखरेपेक्षा खोल गेला. पण ती अर्ज घेऊन इमारतीच्या सेक्रेटरीकडे गेली. मागच्या अंगणात, फाटकापासून टाकीपर्यंत, जेवणानंतर चालण्याची परवानगी मिळावी.

सेक्रेटरी वाईट मनुष्य नव्हता. त्याचा फक्त रकान्यांवर विश्वास होता.

“कारण?”

“साखर वाढू नये म्हणून.”

“म्हणजे वाढली आहे.”

“नाही. वाढू नये म्हणून.”

“मग आजारपणाचा दाखला जोडा.”

“मी आजारी नाही.”

“मग अंगणात फिरायचं कारण काय?”

ती डॉक्टरांकडे दाखला मागायला गेली. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही आजारी नाही, खोटा दाखला कसा देऊ?” ती परत आली. सेक्रेटरी म्हणाला, “ताई, माझा इलाज नाही. आजारी माणसाला सवलत आहे, धडधाकट माणसाला गरज नाही. तुम्ही मधल्यामध्ये आहात. मधल्यांना रकाना नाही. एकदा नीट आजारी व्हा आणि या, मी त्याच दिवशी सही करतो.”

हे तो इतक्या जिव्हाळ्याने म्हणाला की तिला चिडतासुद्धा येईना.

शेवटी फॉर्म उलटा करून पाहताना, ग्रंथालयातल्या सवयीने, तिला मागच्या बाजूला एक रकाना सापडला: ‘इमारतीची पाहणी’. पाहणीला दाखला लागत नव्हता. फक्त लेखी अहवाल लागत होता. झालं! दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी आणि संध्याकाळी जेवणानंतर इमारतीची पाहणी करू लागली आणि रोज अहवाल देऊ लागली. ‘टाकीजवळचा नळ ठिबकतो.’ ‘नळ अजून ठिबकतो.’ ‘आज नळ कालच्यापेक्षा कमी ठिबकला, निरीक्षण चालू आहे.’ नवरा आलेखासाठी सोबत यायला लागला. शिंपीकाका दिवसभर यंत्रावर बसून पाय आखडतात म्हणून आले. सासूबाई ‘या दोघांवर लक्ष ठेवायला’ म्हणून आल्या. मुंगी सगळ्यांच्या पुढे, हातात काठी घेऊन. महिन्याभरात सेक्रेटरीला अहवालांसाठी वेगळी फाईल करावी लागली आणि ‘पाहणी समिती’ हे नाव त्यानेच दिलं. पंधरा अहवालांनंतर नळ दुरुस्त झाला, तेव्हा समितीला क्षणभर पोरकं वाटलं.

तिचं वजन अडीच किलोंनी उतरलं. भिंतीवरचे डोंगर झिजत चालले. शिंपीकाकांनी साहेबांच्या पँटला इतिहासात पहिल्यांदाच शिवण आत घेतली. सिस्टर मात्र समितीत चालत नसत. “मी दिवसभर उभीच असते गं,” म्हणत त्या अंगणातल्या कट्ट्यावर बसून चुकणाऱ्यांना ओरडत, बाटलीतून पाणी पीत, आणि मोजे घातलेला एक पाय दुसऱ्यावर टाकून बसत. उन्हाळ्यातही मोजे! ‘घेण्यासारखं’च्या पानावर तिने लिहिलं: ‘पायांची निगा.’

आणि मग तो रविवार उजाडला.

दुपारची जेवणं झाली होती. तिने मुंगीला संत्रं सोलून दिलं, बिया काढल्या, पांढरे दोरे काढले (मुंगीला दोरे चालत नसत), आणि मोजायची वेळ झाली म्हणून तशीच घाईघाईने यंत्राकडे वळली. टोचलं. थेंब लावला. पाच सेकंद.

चारशे बारा.

चारशे बारा! भिंतीवरच्या कागदावर तीनशेच्या वर जागाच नव्हती. नवरा छताकडे बघू लागला, जणू आलेख तिथे चढवायचा होता. दीड महिना भाज्या आधी, भात शेवटी, महिनाभर इमारतीची पाहणी, आणि हे फळ! तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा ती रिकामी खुर्ची आली.

“अगं बाई, झोपवा तिला!” सासूबाई म्हणाल्या.

“नाही, चालवा!” नवरा म्हणाला.

दोघांनी दोन दंड धरले आणि ती मध्ये लोंबकळू लागली. आवाज ऐकून शिंपीकाका कात्रीसकट धावत आले. मध देणाऱ्या काकू वरून उतरल्या. सेक्रेटरी आला तो हातात कोरा फॉर्म घेऊन, आणि चेहऱ्यावर दुःख असलं तरी त्याला आता रकाना मिळाला होता, हे लपत नव्हतं. शेवटी सिस्टर आल्या. तीन मजले चढून आल्यामुळे त्यांना जरा दम लागला होता, पण गर्दी त्यांना पाहून आपोआप दुभंगली.

त्यांनी नाडी धरली नाही, जीभ पाहिली नाही. तिचं बोट धरलं, नाकाशी नेलं आणि हुंगलं.

“संत्रं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“साखर तुझ्या रक्तात नाही, बोटावर आहे. हात न धुता टोचलंस? चौतीस वर्षं मी हेच ओरडतेय: आधी हात धुवा. जा.”

ती मोरीत गेली, साबणाने हात धुतले, पुसले, दुसरं बोट टोचलं. एकशे नऊ. घराने श्वास सोडला. मुंगीने टाळ्या वाजवल्या. एका फळाचा पुसटसा रस, बोटावर डोळ्यांनी दिसतसुद्धा नाही एवढा, आणि त्याने अख्खी इमारत तिसऱ्या मजल्यावर गोळा केली; भीतीतून मोकळी होता होता ती त्या बोटाकडे पुन्हा थक्क होऊनच बघत राहिली.

पण सेक्रेटरी फॉर्म घडी करता करता पुटपुटला, “एकदा चारशे बारा, एकदा एकशे नऊ. अशा यंत्राच्या भरवशावर पाहणी समिती?”

काकू हसल्या. तिचे कान लाल झाले. तिच्या वहीवर, तिच्या डोंगरांवर, तिच्या पायांवर कुणी हसत होतं.

“यंत्र बरोबर आहे,” सिस्टर कडाडल्या. “खात्री करायची तर धडधाकट माणसाचं बोट लागतं. हे घ्या माझं. नवी पट्टी काढ गं.”

त्या मोरीत गेल्या. वॉर्डातल्यासारखे, कोपरापर्यंत साबण लावून, नखांत, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर घासून त्यांनी हात धुतले. सगळे आदराने बघत होते. सासूबाई तर मनातल्या मनात शिकत होत्या. मग सिस्टरांनी ताठ हात पुढे केला. तिने जपून टोचलं. मोहरीएवढा थेंब.

तीनशे सतरा.

“बघा!” सेक्रेटरी म्हणाला. “बिघडलंय.”

“गप्प बसा हो,” सिस्टर म्हणाल्या, पण आवाज वेगळा होता. त्या परत मोरीत गेल्या. या वेळी जास्त वेळ पाणी वाहत राहिलं. दुसरं बोट. तीनशे बावीस.

नवऱ्याने न सांगता आपला हात धुतला आणि बोट पुढे केलं. एकशे चौदा. शिंपीकाकांनी केलं. एकशे एकतीस. यंत्र बिघडलं नव्हतं. ते बिघडलेलं असावं असं त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं, पण ते बिघडलं नव्हतं.

सिस्टर तिसऱ्यांदा मोरीकडे वळल्या तेव्हा तिने त्यांचं मनगट धरलं. ते केवढंसं होतं! पहिल्यांदाच तिला ते दिसलं.

“सिस्टर,” शिंपीकाका खाली बघत म्हणाले, “वर्षभरात तीनदा तुमचे कपडे आत घेतले मी. मी म्हटलं, वा!”

तिने निळी वही काढली. ‘घेण्यासारखं’चं पान. पाच बाटल्या पाणी. वजन सतत उतरतं. रात्रीतून तीन-चारदा न्हाणीघराचा दिवा लागतो: केवढी टापटीप! उन्हाळ्यातही मोजे: पायांची निगा. तिने ते पान मान खाली घालून पुन्हा वाचलं. तिच्यासारख्या दक्ष बाईने एकही गोष्ट सोडली नव्हती. आजाराची लक्षणं तिने सुवाच्य अक्षरात, तारखेनिशी लिहून ठेवली होती आणि त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली होती.

“मोजा काढा, सिस्टर.”

सिस्टरांनी नकार दिला नाही. तळव्याला एक फोड होता, फुटलेला, कडा काळपट. “महिना झाला,” त्या म्हणाल्या. “दुखत नाही.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

सिस्टर मुंगीच्या छोट्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीत त्या मावल्या, हेच केवढं वाईट होतं. “शंका होती. मी वॉर्डात पाय गेलेले पाहिलेत, पोरी. ज्याने पाहिलंय ना, त्याला स्वतःकडे बघायची हिंमत होत नाही.” मग म्हणाल्या, “चौतीस वर्षं दुसऱ्यांची बोटं टोचली. माझं बोट कधी कुणी मागितलंच नाही.”

मुंगी पुढे झाली आणि तिने संत्र्याची एक फोड सिस्टरांपुढे धरली; मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती फोड परत घेऊन स्वतःच्या तोंडात टाकली.

“उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं. मी येते सोबत,” ती म्हणाली.

सिस्टरांनी मान हलवली.

ती मान तिने ओळखली. अगदी तशीच तिने स्वतः तीन वर्षांपूर्वी हलवली होती, खाटेवर, शिंकेच्या वेळी.

“मान नका हलवू, सिस्टर. चपला घाला. उद्या नाही, आत्ता.”

आणि चौतीस वर्षं हुकूम सोडलेल्या त्या बाईने निमूटपणे चपला शोधायला सुरुवात केली. सेक्रेटरीने कोरा फॉर्म खिशात कोंबला आणि रिक्षा आणायला धावला. आयुष्यात पहिल्यांदा तो काहीही न भरता काम करत होता.

डॉक्टरांनी सिस्टरांना त्या दिवशी ठेवूनच घेतलं. जखम साफ केली, गोळ्या आणि काही दिवस इंजेक्शनं सुरू केली. “आणखी पंधरा दिवस काढले असते तर पायाचं काय झालं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको,” ते म्हणाले. “खरंच नको,” सिस्टर म्हणाल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की जेवणाची शिस्त, झोप, चालणं सगळं हवं, पण यांच्या बाबतीत ते गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. आणि जखम भरेपर्यंत चालणंही नाही. सासूबाईंनी हे लक्षपूर्वक ऐकलं आणि घरी येऊन काकूंनी पुन्हा आणून दिलेली मधाची बाटली त्यांना परत करून आल्या.

दीड महिना सिस्टर अंगणात खुर्चीत बसून दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या वर-खाली करत होत्या आणि समिती त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होती. मग जखमेवर नवी कातडी धरली. तळहाताएवढ्या आरशात तळवा बघून सिस्टरांनीच ती सगळ्यांना दाखवली, गुलाबी, पातळ, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या टाचेसारखी. चौतीस वर्षं बाळांच्या टाचा पाहिलेली ती बाई स्वतःचा तळवा पुन्हा पुन्हा आरशात बघत राहिली. ज्या दिवशी डॉक्टरांनी चालायला सांगितलं त्या संध्याकाळी त्या फाटकापासून टाकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. सेक्रेटरीने त्या दिवसाचा अहवाल स्वतः लिहिला. त्यात नळाचा उल्लेखही नव्हता.

तीन महिने भरले. तिचा कागद आला: पाच पूर्णांक आठ. “फिरलात की मागे!” डॉक्टर म्हणाले. “पण रस्ता तिथेच आहे हं. दरवर्षी येत जा.” तिने मान हलवली नाही. तारीख वहीत लिहिली, आणि वही कपाटाच्या माथ्यावर ठेवली नाही.

आता रोज सकाळी सात वाजता दारावर टकटक होते. सिस्टर असतात, हात कोपरापर्यंत धुतलेले, ओले. त्या बोट पुढे करतात. ती टोचते. पाच सेकंद दोघी पडद्याकडे बघत थांबतात, आणि रोज त्या पाच सेकंदांत तिला तसंच वाटतं, जसं वॉर्डात मुंगीच्या पहिल्या शिंकेनंतर दुसऱ्या शिंकेची वाट बघताना वाटलं होतं. एकशे अडतीस. एकशे सव्वीस. मग सिस्टर बोट मागे घेतात आणि म्हणतात, “आता तुझं दे.”

तिच्या वहीत ‘घेण्यासारखं’ हे पान आता नाही. त्या जागी दोन पानं आहेत, एक तिचं आणि एक सिस्टरांचं. भेटेल त्याला ती एकच गोष्ट सांगते, आणि तुम्ही इथवर वाचत आलात म्हणून तुम्हालाही: तुमच्या घरात, जिन्यात, कामावर कुणीतरी असेल, जे सगळ्यांना विचारतं, बरं आहे ना? जेवलीस ना? औषध घेतलंस ना? हल्ली बारीक झालंय म्हणून तुम्ही त्याचं कौतुकही केलं असेल. त्याच्याकडे आज जा. नुसतं ‘कसे आहात’ विचारू नका, ते मान हलवतील. त्यांना हात धुवायला सांगा, आणि त्यांचं बोट मागा.